रिकामी थैली

त्या दिवशी नवे गणवेश आले. ट्रकमधून गठ्ठे उतरत होते, पोरं रांगेत उभी राहून आपापलं माप सांगत होती. कापड खरंच चांगलं होतं, हलकं आणि लवकर वाळणारं. त्याच ट्रकमध्ये माझी एकच पेटी होती. तुकडीचा वैद्यकीय साठा मी सांभाळायचो. 120 टूर्निके मागवली होती, पेटीत निघाली 40. वर चिठ्ठी: उरलेली पुढच्या आर्थिक वर्षात.

टूर्निके म्हणजे जखमेच्या वर आवळायचा पट्टा. त्याची दांडी पिळत गेलं की रक्त थांबतं. मांडीची धमनी तुटली तर हाताशी काही मिनिटंच असतात. 2001 ते 2011 या काळातल्या अमेरिकी सैन्याच्या 4596 मृत्यूंचा अभ्यास झालेला आहे. रुग्णालयात पोचण्याआधीच गेलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा वाचण्याची शक्यता होती, आणि त्या चौथ्या हिश्शातले दहांतले नऊ रक्तस्रावाने गेले. छातीपोटाच्या जखमेवर पट्टा चालत नाही, हे मला माहीत आहे. पण हातापायाच्या जखमेवर तो नक्की चालतो.

दुपारी मी सराव घेतला. नवा गणवेश घातलेल्या एका पोराला म्हटलं, "डाव्या मांडीला लाव." त्याने पट्टा ओढला, दांडी दोन वेळा पिळली आणि कट्‌कन आवाज आला.

"साहेब, मोडली."

पट्टा तीन वर्षं जाकिटाला बाहेरून लटकलेला होता. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ झालं होतं. मग मी सगळेच तपासायला घेतले. जुन्यांपैकी 49 टिकले.

ती मोडकी दांडी घेऊन मी कमांडरसाहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "गणवेशाचं लेखाशीर्ष वेगळं, औषधांचं वेगळं. इकडचा पैसा तिकडे वळवता येत नाही."

ते खरंच होतं. पण गणवेशाची नक्षी, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीत मिसळून लपवणारे रंगाचे ठिपके, बदलली की खर्च शर्ट-पँटवर थांबत नाही. हेल्मेटचं कव्हर, जाकीट, पाठपिशवी, सगळं त्याच नक्षीत लागतं. आमच्या गठ्ठ्यांत प्रथमोपचाराच्या थैल्यासुद्धा होत्या, माणशी एक, नव्या नक्षीतल्या. आत काहीच नाही. मी एक थैली उघडून त्यांच्यासमोर धरली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

नक्षीला माझा विरोध नाही. 1914 मध्ये फ्रेंच पायदळ लाल पँट घालून लढाईत उतरलं, त्याची किंमत त्यांनी मोजली. पण नक्षी जमीन बघून ठरवावी. अफगाण सैन्यासाठी जंगलाची नक्षी घेतली गेली, ती तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांना आवडली म्हणून. त्या देशात जंगल जेमतेम 2.1 टक्के. अमेरिकेच्या 2017 च्या तपासणी अहवालात त्यापायी गेलेला जादा खर्च 2.6 ते 2.8 कोटी डॉलर धरला आहे. एवढ्या पैशांत किती पट्टे आले असते, याचा हिशेब मी त्या रात्री पुन्हा पुन्हा करत होतो.

कमांडरसाहेबांनी तातडीच्या मागणीवर सही केली. माल यायला दिवस लागणार होते, तुकडी मात्र पहाटे निघणार होती. 40 नवे आणि 49 जुने वाटल्यावर 31 जण उरले. त्यांच्यासाठी मी त्रिकोणी पट्ट्या काढल्या, पिळायच्या दांडीसाठी बोटभर जाडीच्या, वीतभर लांब काठ्या कापून घासल्या आणि त्या 31 थैल्यांत पट्टी-काठीची एकेक जोडी ठेवली. मग त्या पोरांना उठवून प्रत्येकाकडून ती एकदा स्वतःच्या मांडीवर बांधून घेतली.