सातव्या भागातलं जाळं

माझ्या वहीत एक खूण असते, उलटा त्रिकोण. प्रेक्षकांचं लक्ष सुटलं की टाइमकोडपुढे, म्हणजे त्या क्षणाच्या मिनिट-सेकंदाच्या आकड्यापुढे, तो काढायचा. चाचणी-खेळाच्या वेळी, म्हणजे भाग पक्का होण्याआधी निवडक प्रेक्षकांना दाखवतात तेव्हा, संकलकाने पडद्याकडे बघायचं नसतं, माणसांकडे बघायचं असतं. मोबाइलचा उजेड, खुर्चीची करकर, खोकला. गोष्टीत गुंतलेला माणूस खोकला दाबून धरतो आणि प्रसंगाची पकड सुटली की एकदम चार-पाच जण खोकतात. सतरा वर्षं अ‍ॅनिमेशन मालिकांचं संकलन करते आहे. खेळानंतर भरून घेतलेल्या कागदांपेक्षा माझा या खोकल्यावर जास्त विश्वास आहे.

त्या दिवशी स्टुडिओतल्या छोट्या थिएटरात चौदा जण बसले होते. सगळे आमच्या मालिकेच्या पहिल्या सीझनचे चाहते. दुसऱ्या सीझनचे बारापैकी सहा भाग प्रदर्शित झाले होते, मग चार महिन्यांची विश्रांती होती, आणि आलेल्या सहा भागांबद्दल सगळीकडून एकच सूर ऐकू येत होता: मालिका थंडावली. पहिल्या सीझनमध्ये दर भागात एक झुंज होती. दुसऱ्यात नायिका उजवा हात गमावून एका बेटावर जाळी सांधणाऱ्या म्हातारीकडे राहते आहे. सातव्या आणि आठव्या भागाचं संकलन अजून पक्कं झालेलं नव्हतं. निर्मात्यांनी ठरवलं, हे दोन भाग चाहत्यांना दाखवू, ते कुठे कंटाळतात ते बघू आणि तिथे कात्री लावू.

कात्री कुठे लागणार याची मला खात्रीच होती. सातव्या भागात ७ मिनिटं १२ सेकंदांना जाळ्याचा प्रसंग सुरू होतो. एक मिनिट पन्नास सेकंद, एक शब्द नाही. ती डाव्या हाताने सुतळी ओढते, टोक दातात धरते, गाठ घालते, गाठ सुटते, पुन्हा घालते. बस. मी वहीत आधीच त्या जागी त्रिकोण काढून ठेवला होता.

या प्रसंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण संथ भाग म्हणजे स्टुडिओने पैसे वाचवले, असा बऱ्याच चाहत्यांचा समज असतो. कधी कधी तो खरा असतो. एकच चित्र धरून ठेवायचं, त्यावर कॅमेरा हळूहळू सरकवायचा आणि वर संवाद चालू ठेवायचे, हे आम्ही सगळेच करतो. पण हा प्रसंग तसा नव्हता. एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एरवी एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांत काम भागतं. कधी तीन फ्रेम टिकवतात, मग ८ पुरतात. झुंजीत तर एखाद्या फटक्यासाठी नुसता रंगाचा फराटा ओढला तरी डोळा फसतो. बोटांनी गाठ मारताना डोळा फसत नाही. आमच्या अ‍ॅनिमेटरने उजवा हात खिशात घालून कित्येक दिवस सुतळीच्या गाठी मारून बघितल्या होत्या आणि बोटांच्या जवळच्या शॉटमध्ये प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र काढलं होतं. भागातली सगळ्यात कष्टाची दीड-दोन मिनिटं हीच. तीच कापायची वेळ येणार म्हणून सकाळपासून माझ्या पोटात खड्डा पडला होता.

सातवा भाग सुरू झाला. ७:१२ आलं. मी चेहऱ्यांकडे बघत होते. पहिली गाठ सुटली. कुणी हललं नाही. दुसरी सुटली. दुसऱ्या रांगेतली एक शाळकरी मुलगी पुढे झुकली आणि तिने नकळत स्वतःचा उजवा हात मांडीखाली दाबून धरला. तिसरी गाठ बसली तेव्हा कुणीतरी श्वास सोडल्याचा आवाज मला भिंतीपाशी ऐकू आला.

मी आधी काढलेला त्रिकोण खोडला.

मग आलं ९:४०. इथे आम्ही एक झुंज घातली होती. पहिल्या सीझनमधली, थोडी नव्याने रंगवलेली, सत्तर सेकंदांची, आठवण म्हणून. संथ भागात जरा जान यावी एवढ्याचसाठी. दहा सेकंदांत दोन मोबाइल उजळले. पाठोपाठ खोकला सुरू झाला. एकजण उठून बाहेर गेला आणि झुंज संपल्यावरच परत आला. ज्या चाहत्यांना झुंजी हव्यात म्हणून आम्ही हे केलं, ते झुंज चालू असताना घड्याळ बघत होते. त्या झुंजीत कोण जिंकणार हे त्यांना तीन वर्षांपासून ठाऊक होतं, आणि नायिकेलाही. ती संपल्यावर कुणाचंच काही बदलणार नव्हतं.

खेळानंतर गोल बसून बोलणं झालं. मी सहसा मागे बसते. त्या दिवशी पुढे जाऊन बसले.

पहिला बोलला तो कॉलेजातला मुलगा. चिडलेला होता, पण शब्द तोलून बोलत होता. म्हणाला, “झुंज नाही म्हणून मी नाराज नाहीये. पहिल्या सीझनच्या शेवटी तुम्ही तिच्या भावाचा आवाज ऐकवलात. तो जिवंत आहे हे तिला कळलं आणि तिथेच सीझन संपवलात. आता आठ भाग झाले. ती एकदाही त्याचं नाव घेत नाही. ती विसरली का त्याला?”

दिग्दर्शक म्हणाले, “नाही, विसरलेली नाही. ती मनात…”

“मग ते मला दिसायला नको का?”

एक मध्यमवयीन बाई होत्या, मुलीबरोबर मालिका बघणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मला थांबायला काही वाटत नाही हो. पण कशासाठी थांबते आहे ते कळू द्या. नाहीतर ते ताटकळणं होतं.”

हा शब्द माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आम्ही आतापर्यंत ‘संथ’ आणि ‘वेगवान’ एवढ्याच दोन शब्दांत भांडत होतो. निर्माते म्हणायचे वेग वाढवा, दिग्दर्शक म्हणायचे संथपणाच हवा आहे. दिग्दर्शक नेहमी ‘विनलँड सागा’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचं उदाहरण द्यायचे: २०१९च्या पहिल्या सीझनमध्ये सूड आणि लढाया, २०२३च्या दुसऱ्यात तोच नायक गुलाम म्हणून शेतावर राबतो, शस्त्राला क्वचितच हात लावतो. तेव्हाही पुष्कळांचा हिरमोड झाला, आणि पुष्कळांना तोच सीझन जास्त भावला. हे खरंच आहे. पण त्या शेतावर नायक आतून हलत असतो. रात्रीची स्वप्नं, सोबतच्या गुलामाशी जुळत जाणारी मैत्री, जंगल तोडून जमीन तयार होणं, सगळं पुढे सरकत असतं. उलट उदाहरण २००९चं. ‘द मेलन्कली ऑफ हारुही सुझुमिया’ या जपानी मालिकेत सुट्टीचे तेच दिवस पुन्हा पुन्हा घडतात, आणि ते सलग आठ भाग दाखवले गेले. दर वेळी चित्रं नवी, आवाजाचं ध्वनिमुद्रणही नवं. मेहनतीत कसूर नव्हती. तरी चाहते दुखावले, कारण आठवडा उलटून पुढचा भाग लावावा तर आपण तिथेच.

आठवडा उलटणं ही गोष्ट आम्ही स्टुडिओत बसून विसरतो. आम्ही सहा भाग एका दुपारी सलग बघतो, साधारण सव्वादोन तास. ती बेटावर रुळते आहे, हे आम्हाला अगदी नीट कळतं. चाहत्याला तेच सव्वादोन तास पाच आठवड्यांवर पसरून मिळतात, आणि त्याआधी सीझनमधलं अंतर असतं. आमचं तीन वर्षांचं होतं. ‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी मालिकेचा पहिला सीझन २०१३चा आणि दुसरा २०१७चा. एवढ्या काळात माणसं नुसती वाट बघत नाहीत, ती मनातल्या मनात पुढचा सीझन रचून ठेवतात. त्या शाळकरी मुलीने तिची चित्रांची वही आणली होती. पानापानावर आमची नायिका, प्रत्येक चित्रात दोन्ही हात शाबूत, उजव्या हातात तलवार. मुलगी म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही तिचा हात परत द्याल.” ती रडवेली झाली नव्हती. नुसतं सांगत होती. मला काय बोलावं सुचेना, मी वही दोनदा चाळली.

एकाने मात्र सरळ सांगितलं, “मला झुंजीच हव्या होत्या. ट्रेलरमध्ये त्याच दाखवल्या होत्या ना?”

यावर कुणी वाद घातला नाही आणि घालताही आला नसता. तो ट्रेलर मी कापला होता. सबंध बारा भागांत मिळून जेमतेम चार मिनिटांच्या झुंजी आहेत, आणि त्यातले सगळे उत्तम शॉट मी नव्वद सेकंदांत भरले होते. तसा हवा म्हणून सांगितलं गेलं होतं, पण हात माझे होते. त्या माणसाला जे दाखवलं, त्यावर त्याने विश्वास ठेवला. त्याची चूक कुठे आहे?

माणसं गेल्यावर मी सातव्या भागाचं जुनं अ‍ॅनिमॅटिक उघडलं. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं तात्पुरत्या आवाजांसकट वेळेवर लावलेली. भाग रंगण्याच्या कितीतरी आधी गोष्टीचं मोजमाप तिथे होतं. मला नक्की काय शोधायचं होतं ते माहीत नव्हतं. “विसरली का त्याला?” एवढंच कानात होतं.

जाळ्याचा प्रसंग मूळ दोन मिनिटं सोळा सेकंदांचा होता. कापलेले चार शॉट मला सापडले. त्यात नायिका पहिल्यांदा जी गाठ मारते ती म्हातारीने शिकवलेली नसते. उलटी, दुहेरी, विचित्र गाठ. म्हातारी ती बोटांनी चाचपते आणि विचारते, “ही कुणी शिकवली?” नायिका भावाचं नाव सांगते. नुसतं नाव. मग म्हातारी ती गाठ सोडते आणि सुई तिच्या हातात देते.

सव्वीस सेकंद. भाग रेंगाळतो म्हणून आम्ही अ‍ॅनिमॅटिकच्या पातळीवरच काढून टाकले होते. त्या जागी झुंजीची आठवण आली होती.

मी दिग्दर्शकांना बोलावलं. ते दारातच उभे राहून बघत राहिले. माझी सहायक हळूच म्हणाली, “ताई, हे असतं तर तिची गाठ दर वेळी का सुटते ते कळलं असतं. ती भावाचीच गाठ मारत राहते.” तिघंही गप्प झालो. आम्ही वेगासाठी जे कापलं, त्याच्याशिवाय उरलेला सगळा सीझन ताटकळत होता.

झुंजीचे सत्तर सेकंद त्याच संध्याकाळी काढले. निर्मात्यांची समजूत घालायला चार दिवस लागले, तो सगळा तपशील इथे नको. चार शॉट नव्याने काढायचे, रंगवायचे, म्हातारीच्या आवाजासाठी पुन्हा ध्वनिमुद्रण, हा खर्च होता. तयार कामातली सत्तर सेकंदं फेकून वर सव्वीस सेकंदांसाठी पैसे मागायचे, हे ऐकायलाच त्यांना जड जात होतं. शेवटी मी वही समोर ठेवली. ९:४०पासून त्रिकोणांची रांग होती आणि ७:१२पुढे एक खोडलेला.

शॉट आले तेव्हा मी ते जागेवर बसवले. प्रसंगावर संगीत होतं, ते काढून टाकलं. सुतळीचा खरखराट, दातांनी ओढल्याचा आवाज आणि मागे समुद्र, एवढंच ठेवलं. म्हातारी विचारते. नायिका नाव सांगते. तिथून मी म्हातारीच्या हातांवर कट घेतला.

दिग्दर्शक माझ्या खुर्चीमागे उभे होते. महिनाभर याच प्रसंगातून सेकंद-सेकंद कमी करायला आम्ही बसत आलो होतो.

“नाव घेतल्यावर लगेच जाऊ नकोस,” ते म्हणाले. “तिच्या चेहऱ्यावर अजून बारा फ्रेम थांब.”

मी कट बारा फ्रेम पुढे सरकवला.