निभावून न्यायच्या म्हणे

"पूर्वीच्या बायका निभावून न्यायच्या हो. आताच्या मुलींना दमच नाही!"

साखरपुड्याच्या पंगतीत शेजारच्या काकू जिलबी मोडत सहज बोलून गेल्या. मी मठ्ठा पीत गप्प बसले. पण घरी येईपर्यंत डोक्यात रखमाबाईच.

11 व्या वर्षी लग्न. मोठी झाल्यावर नांदायला साफ नकार. नवरा, दादाजी भिकाजी, कोर्टात गेला. 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाचा हुकूम: नवऱ्याकडे जा, नाहीतर 6 महिने तुरुंग. ही म्हणाली, तुरुंग चालेल!

तेव्हा वय 22. आणि विरोधात कोण? साक्षात टिळक.

शेवटी 1888 मध्ये 2000 रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, पुढे सुरत आणि राजकोटला बायकांवर उपचार करत राहिली.

म्हणजे दम होताच की. फक्त तो निभावण्यात खर्च केला नाही.

अर्थात सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन सुरुवातीला पाठीशी होते, हेही खरं. जिच्याकडे ना असं माहेर, ना 2000 रुपये, तिने काय करायचं होतं?