मॅकबेथवरचा निबंध तिसऱ्यांदा लिहिताना

विषय होता 'मॅकबेथमधली अपराधाची जाणीव', म्हणजे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' या नाटकातली. पहिला खर्डा एका बैठकीत झाला. मॅकबेथला चेटकिणी भेटल्या, त्याने राजाचा खून केला, मेजवानीत बँक्वोचं, म्हणजे त्यानेच मारवलेल्या मित्राचं भूत आलं, शेवटी मॅकबेथ मारला गेला. सरांनी समासात एकच शब्द लिहिला, 'कथानक'. ज्यांनी नाटक वाचलंय त्यांनाच मी नाटक सांगत बसले होते.

दुसऱ्या खेपेला रक्त, झोप, भूत असे परिच्छेद पाडले. पण त्यांची अदलाबदल केली तरी काहीच बिघडेना. म्हणजे मला म्हणायचं काय होतं, हेच ठरलेलं नव्हतं.

मग वही मिटून नाटक पुन्हा उघडलं. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात मॅकबेथला वाटतं, अख्ख्या समुद्रानेही हातावरचं रक्त निघणार नाही. त्याची बायको, लेडी मॅकबेथ म्हणते, थोडं पाणी पुरे. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला तीच झोपेत हात चोळत फिरते, अरबस्तानातली सगळी अत्तरंही या हाताला पुरणार नाहीत म्हणते. आणि आधी छंदात बोलणारी ही बाई इथे गद्यात बोलते, तुटक तुटक! तिचा ताबा सुटलाय हे शेक्सपिअरने भाषेच्या घडणीतच दाखवलंय. हे दिसलं तेव्हा अंगावर काटा आला.

त्यातून एक वाक्य हाती लागलं. 'मॅकबेथची अपराधाची जाणीव बोथट होत जाते, लेडी मॅकबेथची उशिरा जागी होते आणि तिला मोडते.' यावर कुणीतरी वाद घालू शकेल, म्हणून ते प्रस्तावनेत ठेवलं. शेक्सपिअरच्या थोरवीच्या चार ओळी त्यासाठी खोडल्या.

पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याचा एकेक धागा पकडून सुरू केला. अवतरणं छोटी घेतली, कधी दोनच शब्दांची, आणि जास्त जागा त्या शब्दांचं काम उलगडायला दिली. सगळ्यात अडले ते भुतापाशी. जाणीव बोथट होतेय, तर तिसऱ्या अंकात मॅकबेथ एवढा भेदरतो का? हा आक्षेप टाळायचा मोह झाला होता. पण त्याच प्रवेशाच्या शेवटी तो म्हणतो, रक्तात इतका आत आलोय की परत फिरणंही पुढे जाण्याइतकंच जिकिरीचं. म्हणून आक्षेप मीच मांडला आणि हे उत्तर लगेच खाली दिलं.

चेटकिणींचा परिच्छेद मात्र काढला. आवडता होता, पण त्या वाक्याशी त्याचं नातं जुळेना.