आमची वाटचाल : मागांच्या गल्लीतला वर्ग

खाली यंत्रमाग, वर आमच्या दोन खोल्या. माग चालू असले की फरशी थरथरते. इचलकरंजीत शाळा सुटल्यावर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचे आईवडील मागावर किंवा कांड्या भरायला गेलेले असतात. मुलं गल्लीत भटकू नयेत, गृहपाठ व्हावा, एवढ्यासाठीच आम्ही वर्ग सुरू केला. पालकांचा पगार आठवड्याचा, म्हणून फीही आठवड्यालाच.

पहिली मोठी खरेदी टॅब्लेटची, तीही कर्ज काढून. व्हिडिओ लावला की मुलं चिडीचूप बसायची. मला वाटायचं, शिकताहेत. दोन महिन्यांनी अपूर्णांक विचारले, तर कुणालाच धड सांगता येईना. ते मला फार लागलं. टॅब्लेट विकले, जुने लॅपटॉप आणले आणि एका लॅपटॉपवर दोन मुलं बसवली. एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने सांगायचं. वर्ग बोलायला लागला.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली आणलेलं स्क्रॅच, म्हणजे मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा, फुकट मिळतं आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. सहावीतल्या एका मुलीने त्यावर कापड विणायला घेतलं : उभे धागे निळे, आडवे पांढरे. पडद्यावर नुसते उभे पट्टे उमटले. तिला न्यायला आलेले वडील मागे उभे होते. म्हणाले, "बाई, सगळ्या ओळी एकसारख्याच की! असलं कापड धरायचं न्हाई." एका ओळीत जो उभा धागा वर, तो पुढच्या ओळीत खाली गेला पाहिजे, हे त्यांनी बोटांची वीण करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिने ओळीच्या क्रमांकाला दोनने भागून बाकी बघितली. शून्य आली तर एक मांडणी, एक आली तर उलटी. पडद्यावर बारीक चौकडा उमटला. सम-विषम संख्या तिला कधीच्या पाठ होत्या. कामाला त्या दिवशी आल्या.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून घराघरांत साठलेलं हे ज्ञान आमच्या वर्गाबाहेरच राहिलं होतं. आता माग बंद असतील त्या दिवशी पालकांना मुद्दाम बोलावतो.

ती मुलगी सध्या ट्विल नावाच्या विणीच्या मागे लागली आहे. तिथे प्रत्येक ओळ एका धाग्याने सरकते आणि तिरपी रेघ दिसते. दोनऐवजी चारने भागावं लागणार, एवढं तिचं तिनेच शोधलंय.