ठोक्याचं घर

रखवालदारानं डाव्या तळव्यावर उजवी मूठ आपटली. ठप्. मग पुन्हा. ठप्.

इस्तंबूलला तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या अंगणात मी त्याला ‘दार्पहाने’ म्हणजे काय, असं खुणेनं विचारलं होतं. आतल्या दालनात कसल्याशा कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडत होते. बाहेर सगळी गर्दी राजवाड्याच्या तिकिटांकडे निघालेली. इकडे कुणी वळूनही बघत नव्हतं.

ही उस्मानी (ऑटोमन) सुलतानांची टांकसाळ. १७२७ मध्ये इथे आली आणि राज्य जाऊन प्रजासत्ताक आलं तरी १९६७पर्यंत इथे नाणी पडत होती. इस्तंबूल बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात १९९७ साली याच दालनांतून कलाकृती मांडल्या होत्या.

पण माझ्या डोक्यातून ती मूठ जाईना. दार्प, म्हणजे मूळ अरबी ‘दर्ब’, म्हणजे ठोका; हाने म्हणजे घर. साच्यावर घाव घालून नाणं पाडायचं, ते ठिकाण.

रात्री झोपताना एकदम लक्षात आलं. अरे, हा तर आपला ‘जरब’! अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. आणि ते ‘हाने’ म्हणजे आपल्या दवाखान्यातला, कारखान्यातला ‘खाना’. दुपारभर मी परका म्हणून ज्या शब्दाकडे बघत होते, तो लहानपणापासून माझ्या तोंडात होता. आई म्हणायची, “पोरांना जरा जरब हवी.”

भिंती राखल्या, आत गाणं-चित्रं आली, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त एवढंच वाटतं, तिथल्या एखाद्या दालनात तो ठोका ऐकू यायला हवा. खराखुरा, लोखंडावर लोखंडाचा.

तुम्ही कधी ऐकलाय तसा आवाज, एखाद्या जुन्या वास्तूत?