दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ

फोनवर 'बरं, ठेवते मग' असं पहिल्यांदा म्हटलं जातं, तेव्हा कुणीच फोन ठेवणार नसतं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जरा उतरतो, आणि 'अगं, सांगायचंच राहिलं' म्हणत खरी बातमी बाहेर येते. शब्द तेच, मधल्या चार मिनिटांत काहीतरी होऊन गेलेलं असतं. जेरिको ब्राउन या अमेरिकन कवीने एवढ्या भांडवलावर एक काव्यप्रकारच उभा केला. त्याचं नाव ड्युप्लेक्स.

ब्राउनचा जन्म १९७६ चा, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा. कृष्णवर्णीय, समलिंगी, दक्षिणेतल्या चर्चच्या वळणात वाढलेला. 'प्लीज' (२००८), 'द न्यू टेस्टामेंट' (२०१४) आणि 'द ट्रॅडिशन' (२०१९) हे त्याचे संग्रह. तिसऱ्याला २०२० चं पुलित्झर मिळालं. ड्युप्लेक्स या तिसऱ्यात आहेत.

कृती सोपी वाटते. १४ ओळी, दोन-दोनच्या ७ जोड्या, प्रत्येक ओळ ९ ते ११ अक्षरांची. जोडीतली दुसरी ओळ किंचित बदलून पुढच्या जोडीची पहिली ओळ होते. आणि १४ वी ओळ म्हणजे पुन्हा पहिलीच. हिशेब केला तर नव्या ओळी फक्त ७ लागतात, उरलेल्या ७ फिरून आलेल्या. आळशी कवीला ही पर्वणी वाटावी, पण सगळे फसतात ते याच फुकटच्या सातांत.

१४ हा आकडा सॉनेटचा, म्हणजे आपल्या सुनीताचा. एकेक जोडी स्वतःच्या पायावर उभी राहावी, ही अट गझलेची. ओळ परत म्हणायची रीत ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची: गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसरीत तिचा निकाल लावतो. मराठी वाचकाला दामयमक आठवेल, पण तिथे चरणाच्या शेवटची अक्षरंच पुढच्या चरणाच्या तोंडी येतात; इथे अख्खी ओळ सरकते.

संग्रहातली पहिली ड्युप्लेक्स जवळून बघण्यासारखी आहे. कविता म्हणजे घराच्या दिशेने केलेली एक खूण, अशी तिची सुरुवात. पुढे कवी म्हणतो, शेवटच्या प्रियकराची गाडी गडद लाल होती. लगेच पुढच्या जोडीत: पहिल्या प्रियकराची गाडी गडद लाल होती. एक शब्द बदलला आणि एक आख्खं प्रेमजीवन गोल फिरून जागेवर आलं. हा पहिला प्रियकर वेगवान, भयंकर, आणि बापाएवढा उंच. ओळ सरकते, आणि आता 'अढळ, भयंकर' असा उंच बापच समोर उभा असतो, गारपिटीसारखा मारणारा. प्रियकराच्या वाक्यात बाप शिरला, आणि तो कधी शिरला ते वाचणाऱ्याला कळतही नाही. पुढे एका आईच्या रडण्याचा आवाज येतो. ओळ परत येते तेव्हा ती 'माझी' आई झालेली असते.

बदल केवढा, ते पाहा: शेवटचा-पहिला, वेगवान-अढळ, एक-माझी. नवशिका इथे दोन टोकांच्या चुका करतो. एकतर ओळ जशीच्या तशी उतरवतो, मग वाचणारा ती वगळून पुढे जातो. नाहीतर इतकी बदलतो की ती परत आल्याचं ध्यानातच येत नाही. समजा जोडीतली दुसरी ओळ आहे, 'फाटकापाशी कुणी उभं होतं'. तिचं 'फाटकापाशी कुणीही नव्हतं' करणं ही स्वस्तातली युक्ती. नकार लावला की झटका बसतो खरा, पण कवितेला पुढे जायला वाट उरत नाही. 'फाटकापाशी बाप उभा होता' केलं की अनोळखी माणसाला चेहरा मिळतो, आणि पुढच्या ओळीला काम मिळतं. तिन्ही ओळी ११ अक्षरांच्याच आहेत.

मराठीत ९ ते ११ अक्षरं म्हणजे फार तोकडं अंगण. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययंच जागा खातात. 'माझ्या आईच्या रडण्यासारखा' एवढ्यातच ११ अक्षरं संपली, आणि क्रियापद अजून दाराबाहेर. अक्षरछंदाप्रमाणे लिहिलेलं मोजायचं की बोलताना होणारे उच्चार, हे आधी ठरवावं. बोलण्यात 'सारखा' दोनच उच्चारांत उरकतो. काहीही चालेल, पण एका कवितेत एकच माप.

गझल लिहिणाऱ्यांना ही घडण लवकर जमते, कारण शेर सुटा ठेवायची सवय असते. गोष्ट सांगायची सवय असलेल्यांचं अवघड. ते 'मग', 'म्हणून', 'तेव्हा' घालून जोड्या एकमेकींना शिवतात, आणि साखळीचा निबंध होतो. ओळ परत येतेच आहे, तिला आणखी टाचणी कशाला?

शेवटची ओळ सर्वांत कठीण. तिच्यात बदल करायची मुभा जवळजवळ नाहीच, त्यामुळे मधल्या १२ ओळींनीच तिचा अर्थ बदलावा लागतो. पहिली ओळ सुविचारासारखी गुळगुळीत असेल तर ती शेवटीही सुविचारच राहते. ब्राउनचीही पहिली ओळ त्या वळणावर जाते, हे मान्य. पण तिच्यातलं घर सुरुवातीला ऊबदार वाटतं, आणि परत येईपर्यंत त्या घरात मार बसलेला असतो, आई रडलेली असते. मग त्या घराकडेच खूण का करायची, हे ओळ सांगत नाही. ते बरं आहे.

ब्राउनची चर्चा कारागिरीपुरती ठेवायची एक सोयीस्कर पद्धत पडली आहे. याच संग्रहात एचआयव्हीचा विषाणू स्वतः बोलतो अशी कविता आहे, बलात्कार आहे, पोलिसांच्या ताब्यातले मृत्यू आहेत. ओळ का परत येते याचं उत्तर तिथे आहे: काही गोष्टी अंगातून जात नाहीत, त्या फक्त जागा बदलतात.

संग्रहात अशा चार ड्युप्लेक्स आहेत आणि सगळ्यात शेवटी पाचवी, जिचं उपशीर्षक 'सेंटो'. सेंटो म्हणजे जुन्या ओळींची गोधडी. एरवी ती दुसऱ्या कवींच्या ओळींतून शिवतात, ब्राउनने ती आपल्याच आधीच्या चार ड्युप्लेक्समधून शिवली. हात बसला असेल तरच या वाटेला जावं. चार कवितांतल्या ओळींची लांबी सारखी नसेल तर तुकडे एकमेकांत बसत नाहीत, आणि कापाकापीत चारही कविता कुठे सैल होत्या ते उघडं पडतं.