मुस्तफाचं मशीन घरी बांधताना

मुस्तफा गेमचा बोर्ड, म्हणजे मशीनच्या आतलं सर्किट, हातात आला तेव्हाच ठरवलं, हा शोकेसमध्ये ठेवायचा नाही, खेळायचा. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, म्हणजेच आपला मुस्तफा, आमच्या पिढीनं व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभं राहून, रुपया-रुपया टाकून खेळलाय. पार्लर बंद झालं, मशीनचा सांगाडा भंगारात गेला, पण मालकमामांनी बोर्ड कापडात गुंडाळून जपला होता. कॉम्प्युटरवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून हे गेम चालतात, तेही चांगलंच आहे. मला मात्र तो दांडी (जॉयस्टिक) पिळत खेळायचा होता.

वायरिंगची भीती वाटत होती, ती आधी गेली. १९८५ पासून आर्केड (पार्लरमधल्या गेम मशीनच्या) बोर्डांसाठी ‘जॅमा’ नावाचं एक ठरलेलं कनेक्शन आहे: ५६ टोकांची पट्टी, कुठली तार कुठं हे पक्कं. दांडी असो, बटण असो की नाण्याची कळ, प्रत्येक जण एवढंच करतो की आपली तार ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) टेकवतो. म्हणून एकच ग्राउंडची तार दांडी-बटणांखालच्या सगळ्या मायक्रोस्विचवरून (छोट्या कळांवरून) फिरवत न्यायची आणि प्रत्येकाची दुसरी तार पट्टीवर. पॉवरला मात्र काटकसर नको. सुरुवातीला गेम मधेच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मल्टिमीटर पॉवर सप्लायवर पाच व्होल्ट दाखवायचा, बोर्डाजवळ मोजलं तर कमी. पट्टीवर ५ व्होल्टसाठी चार आणि ग्राउंडसाठी आठ टोकं दिलेली असतात. ती सगळी जाड तारेनं जोडली आणि बोर्डाजवळ ५ भरतील असा सप्लायचा स्क्रू फिरवला. त्यानंतर गेम कधी अडखळला नाही.

सगळ्यात जास्त जीव ओतला तो कंट्रोल पॅनेलवर. माझं स्पष्ट मत आहे, मशीन म्हणजे पॅनेल, बाकी पेटी. १८ मिमी प्लायवर दांडी बसवली की ती बुटकी होते, मनगट नीट फिरत नाही. मग खालून प्लाय कोरत बसा. आपल्याकडं पत्रा कापून देणारं उद्यमनगर असताना ते कशाला? २ मिमी पत्र्यावर लेझरनं भोकं मारून घेतली, बटणांना ३० मिमी, स्टार्टला २४ मिमी. त्याआधी तोच आराखडा पुठ्ठ्यावर कापून टेबलावर ठेवला आणि धाकट्या भावाला शेजारी उभं केलं. मुस्तफात दोघं एकदम खेळताना कोपरं एकमेकांना लागतात, म्हणून दोन दांड्यांतलं अंतर वाढवत वाढवत ६० सेंमीवर आणलं. मारायला एक, उडी मारायला एक, एवढीच बटणं. उंची जमिनीपासून ९५ सेंमी. कडा घासून, पावडर कोटिंग करून घेतलं. पॅनेल लोखंडी आहे, तेव्हा त्याला अर्थिंग द्यायचंच. पोरं ओल्या हातानं खेळतात.

पेटीचं काम सुतारकाकांनी केलं. टिंबर मार्केटातून प्लाय आणला. त्यांनी आराखडा उलटसुलट बघून विचारलं, “भावा, कपाट हाय, तर दार कुठं बसवायचं?” दार मागं बसवलं, बोर्डाला वारा लागावा म्हणून वर-खाली जाळी ठेवली. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक क्लॅम्प करून त्यांनी एकदमच कापल्या, त्यामुळं वळण तंतोतंत जुळलं. सनमायका आतूनही लावायला त्यांनीच सांगितलं. एकाच बाजूनं लावला तर आपल्या पावसात फळी वाकते.

स्क्रीनसाठी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही वापरायचा मोह झाला होता. रंग तिथंच खरे दिसतात. पण ट्यूबला वीसेक हजार व्होल्ट असतात आणि घरात लहान मुलं आहेत, तेव्हा तो विचार सोडला. ऑफिसात असायचा तसा चौकोनी एलसीडी घेतला. बोर्डाचा सिग्नल सुमारे १५ किलोहर्ट्झचा, मॉनिटरला लागतो ३१ च्या पुढचा, म्हणून मधे सिग्नल बदलून देणारं एक कन्व्हर्टर कार्ड घातलं.

मूळ गेम तिघांचा आहे. तिसऱ्याच्या तारा जॅमाच्या पट्टीवर येत नाहीत, बोर्डावर त्याला वेगळं कनेक्टर आहे. त्यासाठी रुंद पॅनेलचा पुठ्ठा कापून झालाय. पुतण्या शेजारी उभा राहून कोपरांचं अंतर सांगतोय. माप ठरलं की उद्यमनगरला पत्रा कापायला टाकणार.